लिव्हरमधली गाठ जाळणाऱ्या सुया: फरक नेमका कुठे पडतो?

लिव्हरमध्ये 3 सेंटिमीटरची कर्करोगाची गाठ आहे, सिरॉसिसमुळे, म्हणजे लिव्हर व्रणांनी घट्ट होऊन निकामी होत गेल्यामुळे, तो भाग कापून काढणं शरीराला झेपणार नाही, आणि डॉक्टर म्हणतात, ‘सुई घालून गाठ जाळून टाकू.’ हे ऐकताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लालबुंद तापवलेली सुई येते. या उपचारातली सुई मात्र आत शिरताना थंडच असते. तिचा एक प्रकार तर उपचार चालू असतानाही आतून गार पाणी खेळवून मुद्दाम थंड ठेवला जातो. गाठ मारायला उष्णता हवी, मग सुई थंड कशासाठी ठेवायची? याचं उत्तर कळलं की वेगवेगळ्या इलेक्ट्रोडमधला, म्हणजे वीज सोडणाऱ्या या सुयांमधला, फरक समजायला फारसा वेळ लागत नाही.

या उपचाराचं नाव रेडिओफ्रीक्वेन्सी ॲब्लेशन, बोलताना ‘आरएफए’. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर बघत कातडीतून एक लांब, बारीक सुई गाठीत नेतात. सुईच्या दांड्याला वीज न वाहू देणारं आवरण असतं. टोकाचा 1 ते 3 सेंटिमीटर भाग तेवढा उघडा असतो. यंत्रातून येणारा विद्युतप्रवाह या उघड्या भागातून लिव्हरमध्ये शिरतो आणि मांड्यांवर चिकटवलेल्या रुंद पॅडमधून यंत्राकडे परत जातो. हा प्रवाह सेकंदाला साधारण 4 ते 5 लाख वेळा मागेपुढे होतो. पेशींमधले सोडियम, क्लोराइड यांसारखे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, त्याच वेगाने मागेपुढे हलत राहतात आणि त्या घर्षणातून उष्णता तयार होते. म्हणजे आधी तापतं ते सुईला खेटून असलेलं मांस. सुई तापते ती त्याच्या संगतीने.

एवढा प्रवाह अंगातून जाऊनही झटका बसत नाही, कारण इतक्या वेगाने दिशा बदलणाऱ्या प्रवाहाला मज्जातंतू आणि स्नायू प्रतिसाद देऊ शकत नाहीत. फ्रेंच शास्त्रज्ञ दार्सोन्वाल यांनी 1891 मध्ये हे दाखवलं होतं. लिव्हरमध्ये सुईद्वारे हा प्रवाह सोडून पाहण्याचे प्रयोग मात्र त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी झाले. 1990 मध्ये अमेरिकेत मॅकगेहन आणि इटलीत रोस्सी यांच्या गटांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, प्राण्यांवरचे आपापले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

पॅडकडे रुग्ण आणि नातेवाईक सहसा लक्ष देत नाहीत, पण ते महत्त्वाचे आहेत. सुईच्या टोकातून जेवढा प्रवाह बाहेर पडतो, तेवढाच पॅडमधून परत जातो. पॅडचं क्षेत्रफळ मोठं असल्यामुळे तो विखुरतो आणि कातडी भाजत नाही. पॅड नीट चिकटला नाही, केसांमुळे मध्ये फट राहिली किंवा दोन पॅड सुईपासून असमान अंतरावर लागले, तर एकाच्या कडेवर प्रवाह गर्दी करतो आणि मांडी खरोखर भाजते. विशेषतः पॅडची सुईकडची कड सर्वांत जास्त तापते. पॅडचा लांब काठ सुईकडे करून लावतात तो यासाठीच.

साध्या सुईचं अपयश

उष्णतेने पेशी मरायला किती तापमान लागतं? 60 अंश सेल्सिअसला पेशीतली प्रथिनं जवळजवळ क्षणात गोठतात आणि पेशी संपते. 50 अंशांना 4 ते 6 मिनिटं लागतात. 46 अंशांच्या आसपास तासभर लागू शकतो. मग तापमान भरपूर वाढवून मोकळं का होऊ नये? कारण 100 अंशांच्या वर गेलं की मांसातलं पाणी उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि सुईभोवती करपलेला थर जमतो. वाफेतून आणि कोळशासारख्या थरातून प्रवाह जात नाही. विजेला होणारा अडथळा, ज्याला इम्पिडन्स म्हणतात, एकदम वर चढतो आणि उपचार आपोआप थांबतो. घाईने तापवायला गेलं तर सुई स्वतःचाच रस्ता बंद करून घेते.

दुसरी अडचण अंतराची. एखाद्या बिंदूतून प्रवाह सगळ्या दिशांना पसरत असेल, तर अंतर दुप्पट झाल्यावर त्याची घनता चौथाई होते, आणि त्यातून तयार होणारी उष्णता सोळाव्या हिश्श्यावर येते. लांब उघड्या टोकाच्या सुईभोवती ही घट थोडी कमी तीव्र असते, तरी निष्कर्ष तोच: प्रवाहामुळे थेट तापतो तो सुईलगतचा काही मिलिमीटरांचा पट्टा. त्यापलीकडे उष्णता मांसातून हळूहळू झिरपत जाते.

तिसरी अडचण रक्ताची. लिव्हरमधून रक्त सतत वाहत असतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. 3 मिलिमीटर किंवा त्याहून जाड रक्तवाहिनी गाठीला चिकटून असेल, तर त्या बाजूच्या पेशी थंड राहून वाचण्याची शक्यता खरी असते.

या तिन्ही अडचणींमुळे सुरुवातीच्या साध्या सुईने जळणारा भाग जेमतेम 1.6 सेंटिमीटर रुंद होत असे. गाठीभोवती दिसायला निरोगी असलेल्या लिव्हरचीही एक कड जाळावी लागते, कारण स्कॅनवर न दिसणाऱ्या कर्करोगाच्या पेशी तिथेच दडलेल्या असतात. ही कड निदान 5 मिलिमीटर तरी हवी, आणि जमेल तिथे 10. 3 सेंटिमीटरच्या गाठीला सगळीकडून 1 सेंटिमीटर कड धरली, तर 5 सेंटिमीटर व्यासाचा गोल जाळायला हवा. 1.6 सेंटिमीटरच्या गोलाचं आकारमान सुमारे 2 घनसेंटिमीटर, 5 सेंटिमीटरच्या गोलाचं सुमारे 65. व्यास तिपटीहून थोडासा अधिक वाढला की काम तीसपट होतं.

गाठीचा मध्य जाळणं कोणत्याही सुईला जमतं. कस लागतो तो काठावर. कर्करोग परत येतो तो बहुधा तिथूनच. त्यामुळे कोणत्याही इलेक्ट्रोडबद्दल मी पहिला प्रश्न हाच विचारेन: हा काठाशी किती उष्णता पोचवतो, आणि ती सगळीकडे सारखी पोचेल याची खात्री किती?

आतून गार राहणारी सुई

पहिला तोडगा करपण्यावरचा आहे. सुई पोकळ करून आत दोन नळ्या ठेवतात. एकीतून गार पाणी टोकापर्यंत जातं, दुसरीतून परत येतं. ते शरीरात सांडत नाही. सुईला चिकटलेलं मांस त्यामुळे करपत नाही, सर्वांत उष्ण जागा सुईपासून काही मिलिमीटर बाहेर सरकते, आणि यंत्राची ताकद बरीच वाढवता येते. सगळ्यांत माहीत असलेलं उदाहरण म्हणजे कूल-टिप. याचं यंत्र 200 वॅटपर्यंत शक्ती देतं. एका जागी साधारण 12 मिनिटं उपचार चालतो. इम्पिडन्स वाढायला लागला की यंत्र काही सेकंद थांबतं, बुडबुडे विरतात, मग पुन्हा प्रवाह सुरू होतो.

या सुईचा मोठा गुण म्हणजे ती सरळ आणि बारीक आहे, सुमारे दीड मिलिमीटर जाडीची. सोनोग्राफीवर तिचं टोक दिसतं, आणि डॉक्टर जिथे नेतील तिथेच ती जाते. मोठ्या नसेच्या शेजारून, दोन बरगड्यांच्या फटीतून, कडक सिरॉटिक लिव्हरमधून जाताना हा साधेपणा फार उपयोगी पडतो.

उणीव आकारात आहे. जळालेला भाग सुईच्या दिशेने लांबट, अंड्यासारखा होतो. 3 सेंटिमीटर उघड्या टोकाच्या सुईने रुंदी 3 सेंटिमीटरच्या आसपास मिळाली तर ते चांगलं काम समजायचं. गाठी मात्र बऱ्याचदा गोल असतात. म्हणजे सुईच्या लांबीकडून कड भरपूर मिळते आणि आडव्या बाजूने ती अपुरी पडू शकते. अशा वेळी सुई थोडी मागे घेऊन किंवा शेजारी दुसऱ्यांदा घालून एकावर एक चढणारे पट्टे जाळावे लागतात. हे कागदावर सोपं वाटतं. पहिल्या पट्ट्यानंतर मात्र वाफेच्या बुडबुड्यांमुळे सोनोग्राफीवर ती जागा पांढऱ्या ढगासारखी दिसते आणि गाठीची कड दिसेनाशी होते. दुसरी सुई कुठे जायला हवी हे आधीच ठरवून ठेवणारा डॉक्टर इथे वेगळा उठून दिसतो.

या सुयांचा तापमापकही समजून घ्यायला हवा. पाणी खेळत असताना तो पाण्यामुळे गार झालेल्या टोकाचं तापमान दाखवतो, गाठीचं नाही. म्हणून शेवटी पंप बंद करून आकडा बघतात. तो 60 च्या बराच वर असेल तर सुईजवळचं काम झालं एवढं कळतं. काठाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

रुंदी वाढवण्यासाठी याच सुईचं तिहेरी रूपही आलं: एकाच मुठीत तीन सुया, एकमेकींपासून 5 मिलिमीटरवर. तिघी मिळून एका जाड इलेक्ट्रोडसारखं काम करतात. बरगड्यांमधून तिघींना एकदम नेणं मात्र जिकिरीचं असतं. नंतर सुट्या सुया वापरून यंत्राने त्यांना आळीपाळीने प्रवाह देण्याची पद्धत आली. एक थांबलेली असताना दुसरी काम करते, त्यामुळे वेळही वाया जात नाही.

छत्रीसारख्या उघडणाऱ्या सुया

दुसरा तोडगा अंतरावरचा आहे. उष्णता लांब जात नसेल, तर इलेक्ट्रोडच लांबवर पसरवायचा. जाड, पोकळ सुई गाठीत नेतात आणि दांडा ढकलला की तिच्यातून बारीक, वाकड्या तारा बाहेर पडून पसरतात. लव्हीन सुईत दहा-बारा तारा छत्रीच्या काड्यांसारख्या उघडून मागे वळतात. स्टारबर्स्टमध्ये त्या पुढे आणि बाजूंना फाकतात. उघडल्यावरचा व्यास मॉडेलनुसार 2 ते 5 सेंटिमीटर. जळणारा भाग लांबट न होता गोलाकडे झुकतो. शिवाय तारा मांसात रुतून बसतात, त्यामुळे श्वासाबरोबर लिव्हर वरखाली झालं तरी सुई निसटत नाही.

काम पूर्ण झालं हे कसं ओळखायचं, यावर या दोघींची तत्त्वं वेगळी आहेत. लव्हीन इम्पिडन्सवर चालते. शक्ती पायरीपायरीने वाढवत नेतात. मांस सुकून प्रवाह अडला की यंत्र आपोआप खाली येतं. थोडं थांबून, शक्ती कमी करून दुसरी फेरी देतात. म्हणजे तारांभोवती आता पाणी उरलं नाही, हा तिचा पुरावा. स्टारबर्स्ट तापमानावर चालते. तिच्या काही तारांच्या टोकाला तापमापक असतात. यंत्र सरासरी 105 अंशांच्या आसपास गाठून तेवढं तापमान ठरलेल्या वेळेपर्यंत टिकवतं.

मला या दोन्हींत तापमापकाची कल्पना जास्त मोलाची वाटते, कारण ते टोक सुईच्या मध्यापासून दूर, गाठीच्या काठाकडे असतं. पाच तारांपैकी चार 100 च्या वर आणि एक 70 वर अडकली असेल, तर त्या बाजूला काहीतरी उष्णता पळवतंय, बहुधा एखादी नस, हे तिथल्या तिथे समजतं. प्रत्येक तार फक्त तिच्या टोकाजवळचं सांगते, दोन तारांमधल्या जागेचं नाही, ही मर्यादा राहतेच.

या सुयांचे तोटेही याच रचनेतून येतात. बाहेरची नळी बऱ्याच मॉडेलांत सुमारे 2 मिलिमीटर जाड असते, आणि रक्त गोठण्याची क्षमता घटलेल्या सिरॉसिसच्या रुग्णात तो फरक छोटा नसतो. गाठ कडक असेल तर तारा तिला भोसकण्याऐवजी बाजूला वळतात आणि छत्री अर्धवट किंवा वाकडी उघडते. बाहेरून डॉक्टरांच्या हाताला मात्र ‘पूर्ण उघडली’ असंच जाणवतं. एखादी तार रक्तवाहिनीत, पित्तनलिकेत किंवा लिव्हरच्या आवरणाबाहेरही जाऊ शकते. दहा तारांची दहा टोकं सोनोग्राफीच्या एका चित्रात एकाच वेळी दिसत नाहीत. पित्ताशयाला किंवा आतड्याला खेटून असलेल्या गाठीत म्हणूनच अनेक डॉक्टर छत्री टाळतात आणि सरळ सुई पसंत करतात. मोठ्या लिव्हरच्या मधोमध, भोवती मोठ्या नसा नसलेली गोल गाठ असेल, तर छत्रीचं काम उत्तम.

आणखी एक प्रकार आला तसा मागेही पडला. त्यात सुईच्या छिद्रांतून मिठाचं पाणी गाठीत सोडतात. मिठाच्या पाण्यातून वीज सहज जाते आणि मांस सुकत नाही, त्यामुळे जळणारा भाग मोठा होतो. पण पाणी कुठे पसरेल यावर ताबा राहत नाही. ते नसेच्या कडेने, सुईच्या वाटेने उलटं, कुठेही जातं आणि जळणारा भाग वेडावाकडा होतो. मोठं पण बेभरवशाचं, आणि इथे भरवसाच हवा असतो.

बाहेरून आत जाळणं

आतापर्यंतच्या सगळ्या सुयांमध्ये प्रवाह सुईकडून निघून मांडीवरच्या पॅडकडे जातो. याला मोनोपोलर म्हणतात. बायपोलर सुईत दोन्ही ध्रुव एकाच सुईवर असतात, मध्ये छोटा रोधक तुकडा. प्रवाह तिथल्या तिथे फिरतो, पॅड लागतच नाहीत, मांडी भाजण्याचा प्रश्न मिटतो, आणि पेसमेकर असलेल्या रुग्णात अंगभर प्रवाह फिरवण्याची चिंता बरीच कमी होते.

खरी ताकद अशा दोन-तीन सुया एकदम वापरल्यावर दिसते. तीन सुयांचे सहा ध्रुव होतात आणि सहा ध्रुवांच्या 15 जोड्या. यंत्र या जोड्यांमधून पाळीपाळीने प्रवाह सोडतं, आणि कोणत्या जोडीतलं मांस सुकलं हे इम्पिडन्सवरून ओळखत पुढे जातं. याला मल्टिपोलर म्हणतात. उष्णता सुयांच्या मधल्या जागेत कोंडली जाते.

यातूनच ‘नो-टच’ नावाची पद्धत पुढे आली. पॅरिसच्या डॉक्टरांनी ती विशेष जोमाने विकसित केली. गाठीला सुई टोचायचीच नाही. सुया गाठीच्या बाहेर, निरोगी लिव्हरमध्ये, तिला वेढा घालून उभ्या करायच्या आणि बाहेरून आत जाळत यायचं. इतर सगळ्या सुयांमध्ये काठ हा सर्वांत शेवटी, सर्वांत कमी तापणारा भाग असतो. इथे तो सर्वांत आधी तापतो. शिवाय गाठीच्या मध्यात सुई शिरत नसल्याने कर्करोगाच्या पेशी सुईबरोबर बाहेर ओढल्या जाण्याचा धोका घटतो. ही भीती पोकळ नाही. 2001 मध्ये बार्सेलोनाच्या एका गटाने गार सुईने उपचार केलेल्या 32 रुग्णांपैकी चौघांमध्ये सुईच्या वाटेवर कर्करोग रुजल्याचं नोंदवलं होतं. त्या गाठी प्रामुख्याने लिव्हरच्या पृष्ठभागाजवळच्या होत्या आणि काही पेशीरचनेने आक्रमक होत्या. त्यानंतर गाठीपर्यंत निरोगी लिव्हरमधून जाणं आणि सुई काढताना वाटही जाळत येणं, यावर सगळीकडेच भर वाढला.

मला या पद्धतीमागचा विचार सर्वांत पटतो, आणि फ्रान्समधल्या तुलनांमध्ये एकट्या मोनोपोलर सुईपेक्षा गाठ त्याच जागी परत येण्याचं प्रमाण कमी आढळलंही आहे. पण तिची किंमत कौशल्यात मोजावी लागते. तीन सुया समांतर, योग्य अंतरावर आणि सारख्या खोलीवर हव्यात. बरगड्या, फुप्फुसाची खालची कड आणि मोठ्या नसा यांच्यामधून तीन समांतर वाटा सापडतीलच असं नाही. सुया फाकल्या तर मध्ये न जळलेला पट्टा राहतो. टोचण्याच्या जागाही वाढतात.

मग सर्वांत चांगली कोणती?

कंपन्यांच्या माहितीपत्रकांत प्रत्येक सुईपुढे जळणाऱ्या भागाचं माप छापलेलं असतं. ही मापं बहुधा जनावरांच्या लिव्हरवर मिळालेली असतात. शरीराबाहेरच्या लिव्हरच्या तुकड्यात रक्त वाहत नाही, त्यामुळे तिथे मिळालेला आकडा जिवंत माणसात मिळेलच असं नाही. जिवंत प्राण्यातलं लिव्हर निरोगी असतं, तर माणसातलं अनेकदा सिरॉसिसने घट्ट झालेलं. म्हणजे दोन्हीकडून आकडा जपूनच वापरावा लागतो.

सिरॉसिसच्या बाबतीत एक गोष्ट रुग्णाच्या बाजूने घडते. लिव्हरमध्येच उगवलेल्या हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमाला बऱ्याचदा आवरण असतं, आणि भोवतालचं सिरॉटिक लिव्हर उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. उष्णता गाठीतच कोंडून राहते. याला ‘ओव्हन इफेक्ट’ म्हणतात. मोठ्या आतड्यातून लिव्हरमध्ये पसरलेल्या गाठीला असं आवरण नसतं, भोवती भरपूर रक्त वाहणारं निरोगी लिव्हर असतं आणि गाठीच्या कडा आत घुसलेल्या असतात. तीच सुई, तेवढीच मिनिटं, पण निकाल वेगळा. पसरलेल्या गाठींमध्ये रुंद कडेचा आग्रह जास्त धरतात तो यामुळे.

रुग्णांमधल्या निकालांकडे पाहिलं तर एक नोंद फार बोलकी आहे. बेल्जियमच्या म्युलियेर यांच्या गटाने 2005 मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून 5224 गाठींचा हिशेब मांडला. गाठ त्याच जागी परत येणार का, हे प्रामुख्याने दोन गोष्टींशी जोडलेलं निघालं: गाठ 3 सेंटिमीटरपेक्षा लहान आहे का, आणि उपचार शस्त्रक्रियेच्या वाटेने, म्हणजे पोट उघडून किंवा दुर्बिणीतून, झाला का. दुसऱ्या मुद्द्यामागची कारणं समजण्यासारखी आहेत. लिव्हरवरच सोनोग्राफी ठेवता येते, लिव्हर हलवता येतं, आणि गरज पडली तर रक्ताचा पुरवठा काही मिनिटं थांबवताही येतो. सुईच्या प्रकारापेक्षा गाठीचा आकार आणि तिच्यापर्यंत जाण्याची वाट हे जास्त वजनदार ठरले, हे मला महत्त्वाचं वाटतं. 3 सेंटिमीटरच्या आतल्या, मोठ्या नसेपासून लांब असलेल्या गाठीत अनुभवी हात कोणत्याही चांगल्या सुईने उत्तम काम करतो. सुईची निवड निर्णायक ठरते ती 3 ते 5 सेंटिमीटरच्या टप्प्यात आणि अडचणीच्या जागी.

या अडचणीच्या जागा दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत. इटलीतल्या 41 केंद्रांमधल्या 2320 रुग्णांची नोंद 2003 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात मृत्यूचं प्रमाण 0.3 टक्के आणि इतर गंभीर गुंतागुंतीचं 2.2 टक्के होतं. एकूण उपचार सुरक्षितच, पण मृत्यू झालेल्या सहा जणांपैकी दोघांच्या मृत्यूमागे आतड्याला पडलेलं छिद्र होतं. आतड्याच्या शेजारच्या गाठीत लिव्हर आणि आतडं यांच्यामध्ये द्रव सोडून अंतर तयार करतात. त्यासाठी मिठाचं पाणी न वापरता 5 टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, वापरतात, कारण मिठाच्या पाण्यातून प्रवाह थेट आतड्याकडे जाईल. लिव्हरच्या मुखाजवळ, जिथे मुख्य पित्तनलिका असतात, तिथे धोका आणखी वेगळा. मोठ्या नसेला वाहतं रक्त वाचवतं. पित्त सावकाश वाहतं, त्यामुळे पित्तनलिकेला ते संरक्षण मिळत नाही आणि ती भाजून पुढे आकसू शकते. अशा जागी कोणती सुई हा प्रश्नच मागे पडतो. उष्णतेचा उपचार करावा का, हा प्रश्न आधी येतो.

इथे मायक्रोवेव्हबद्दल सांगायला हवं, कारण हल्ली अनेक ठिकाणी आरएफएऐवजी तेच सुचवतात. त्यातल्या सुईला अँटेना म्हणतात. ती 915 मेगाहर्ट्झ किंवा 2.45 गिगाहर्ट्झच्या लहरी सोडते, आणि त्या लहरी मुख्यतः पाण्याच्या रेणूंना हलवून मांस तापवतात. यात अंगातून पॅडकडे जाणारा प्रवाह नसल्याने पॅड नकोत, आणि करपलेल्या थरापाशी काम अडत नाही. तापमान 100 च्या बरंच वर जाऊ शकतं, वेळ कमी लागतो, नसेजवळची थंड राहणारी कडही तुलनेने अरुंद राहते. याच ताकदीमुळे नको तिथे इजा करण्याची क्षमताही तिच्यात आहे. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये 4 सेंटिमीटरपर्यंतच्या हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमावर, रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत विभागून, दोन्ही उपचारांची तुलना झाली. तिचा निकाल 2018 मध्ये आला. दोन वर्षांत गाठ त्याच जागी वाढण्याचं प्रमाण मायक्रोवेव्हमध्ये 6 टक्के आणि आरएफएमध्ये 12 टक्के होतं, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक ठोस ठरला नाही. आपल्या डॉक्टरांचा हात आरएफएवर बसलेला असेल, तर केवळ नवं म्हणून मायक्रोवेव्हचा हट्ट धरावा असं मला वाटत नाही. गाठ मोठ्या नसेला चिकटलेली असेल, तर मात्र विचारून बघायला हवं.

उपचारानंतर काही दिवस थोडा ताप, अंगदुखी, गळून गेल्यासारखं वाटणं हे बऱ्याच जणांना होतं आणि आपोआप थांबतं. ताप वाढत गेला, थंडी वाजली किंवा पोट जास्त दुखू लागलं, तर लगेच कळवायचं. ज्यांच्या पित्तनलिकेची आतड्याशी जोडणी पूर्वी केलेली आहे त्यांनी विशेष जपायचं, कारण त्यांच्यात जळालेल्या भागात पू होण्याची शक्यता बरीच जास्त असते.

सुईने आपलं काम केलं की नाही हे साधारण महिन्याभराने इंजेक्शन देऊन काढलेल्या सीटी स्कॅन किंवा एमआरआयवर कळतं. जळालेल्या भागात रक्त जात नाही, म्हणून तो काळा, रिकामा दिसतो. तो आधीच्या गाठीपेक्षा मोठा दिसायला हवा. गाठीएवढाच दिसला तर कड मिळालेली नाही असा त्याचा अर्थ. भोवती बारीक, सगळीकडे सारखी उजळ रेषा असेल तर ती बहुधा भाजल्याची सूज असते आणि पुढच्या स्कॅनपर्यंत ओसरते. एकाच बाजूला जाडसर, गाठीसारखा उजळ तुकडा दिसला तर तिथे जिवंत कर्करोग उरलेला असू शकतो. तो तुकडा कोणत्या बाजूला आहे हे डॉक्टरांना जरूर विचारावं. तो नसेच्या बाजूला असेल तर रक्ताने उष्णता पळवली, आणि पुढच्या वेळी त्याच सुईने तीच मिनिटं देण्यात फारसा अर्थ नाही. तिथे दुसरा सोबतीचा उपचार, उदाहरणार्थ गाठीचा रक्तपुरवठा आधी औषधाने बंद करून मग जाळणं, किंवा मायक्रोवेव्ह, यांचा विचार होतो. तुकडा सुईच्या आडव्या बाजूला असेल तर रुंदी कमी पडली. दुसरी सुई त्या बाजूला घालून काम पुरं होऊ शकतं. छत्रीच्या सुईनंतर दोन तारांमध्ये फट राहिली असेल, तर तेवढ्या जागेसाठी एक सरळ गार सुई बहुधा पुरते.